कारल्यातलं इन्सुलिन पोटात टिकतं का?

खानापूर भागातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या बारा वर्षांच्या भाच्याला दीड वर्षापूर्वी मधुमेह निघाला. तेव्हापासून रोज चार वेळा इन्सुलिनची सुई. घरात आजी आहेत. नातवाला टोचताना त्यांना बघवत नाही, त्या आत निघून जातात. मध्यंतरी एका जत्रेत कोणी डबे विकत होतं. ‘कारल्यातून काढलेलं शुद्ध वनस्पती-इन्सुलिन. तीन महिन्यांत सुई बंद.’ आजींनी आपल्या साठवलेल्या पैशांतून चार डबे आणले. आता त्यांचं म्हणणं असं, की देवानं झाडात दिलेलं सोडून पोराला टोचत का बसायचं? ताई विचारतात, “कारल्यात खरंच इन्सुलिन असतं का? नसेल, तर आजींना काय सांगू? असेल, तर डॉक्टर ते का देत नाहीत?”

प्रश्न चांगला आहे. आजींची माया खरी आहे आणि त्यांचं म्हणणंही सगळंच्या सगळं चूक नाही. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. पण एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण तिला थांबायला वेळ नाही. पूड घरात असो वा नसो, मुलाच्या इन्सुलिनचा एकही डोस कमी करू नका. लहान वयात होणाऱ्या मधुमेहात, ज्याला टाइप वन म्हणतात, शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. सुई बंद झाली तर रक्तात आम्ल साठतं, उलट्या सुरू होतात, श्वास जोरजोरात चालतो आणि दोन-तीन दिवसांत मूल बेशुद्ध होऊ शकतं. बाकीचं सगळं यानंतर.

मुळात इन्सुलिन काढलं कसं?

इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. डाळीत, दुधात, अंड्यात असतात तशाच घटकांचं, पण आकारानं अगदी लहान. अमिनो आम्लांचे ५१ मणी ओवलेल्या दोन छोट्या माळा एकमेकींना जोडलेल्या, अशी त्याची रचना. १९२१ साली कॅनडात टोरांटो इथं बँटिंग आणि बेस्ट यांनी ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलं. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. ती फारशी लागू पडली नाही. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध असल्यानं टोचल्या जागी गळू झालं.

मग जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञानं तो अर्क शुद्ध करण्याचं काम हाती घेतलं. त्याची युक्ती समजायला आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे. तापलेल्या दुधात लिंबू पिळलं की केसीन नावाचं प्रथिन गोळा होऊन खाली बसतं आणि बाकीचं पाण्यात राहतं. प्रत्येक प्रथिनाची अशी गोळा होण्याची आपापली वेळ असते. कॉलिपनं अर्कात मद्यार्क हळूहळू वाढवत नेला. एका प्रमाणाला नको असलेली प्रथिनं खाली बसली आणि इन्सुलिन वर द्रवात राहिलं. मद्यार्काचं प्रमाण आणखी, नव्वद टक्क्यांच्या वर नेल्यावर इन्सुलिनही खाली बसलं, पण आता बरंचसं एकटं. २३ जानेवारीला त्याच मुलाला हा शुद्ध अर्क दिला, आणि साखर उतरली. मधुमेहाचा इतिहास त्या दिवशी बदलला.

म्हणजे ‘काढणं’ या एका शब्दात किती गोष्टी आल्या पाहा. रस पिळणं हा आरंभ. त्यातून हवं तेच प्रथिन निवडणं, ते मोजणं, प्रत्येक वेळी तेवढंच भरतं की नाही याची खात्री करणं, ही खरी कामगिरी. कॉलेजात मुलांकडून दुधातलं केसीन वेगळं करून घेताना माझ्या लक्षात यायचं, की एकाच दुधातून वीस मुलं वीस वजनं काढून दाखवतात. केसीनच्या बाबतीत ते हसून सोडता येतं. इन्सुलिनच्या बाबतीत तोच फरक जिवावर येतो.

झाडातलं इन्सुलिन : जुना शोध

याच कॉलिपनं १९२३ साली एक वेगळाच दावा केला. कांद्याची पात, लेट्यूस, गव्हाची हिरवी पाती अशा वनस्पतींच्या अर्कात साखर उतरवणारं द्रव्य आहे, असं त्याला प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. त्याला त्यानं ‘ग्लुकोकायनिन’ असं नाव दिलं. पुढे त्यातून औषध काही उभं राहिलं नाही. पण ज्यानं इन्सुलिन शुद्ध केलं त्याच माणसाला झाडातही ते शोधावंसं वाटलं, हे आजींना जरूर सांगा. त्यांच्या मनात आलेली शंका शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या शास्त्रज्ञाच्याही मनात आली होती.

आता कारल्याकडे येऊ. कानडी शेजारणी त्याला हागलकाय म्हणतात, गोव्यात कारातें म्हणतात, पण कडूपणा सगळीकडे सारखाच. हा शोध आपल्याच देशातला, जयपूरचा. तिथल्या संशोधकांनी कारल्यातून इन्सुलिनसारखं वागणारं एक प्रथिन काढलं. थोड्या रुग्णांवर त्याची चाचणी केल्याचा निबंध १९७७ साली प्रसिद्ध झाला. १९८१ साली पुष्पा खन्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि त्याला ‘पॉलिपेप्टाइड-पी’ असं नाव दिलं. त्याचा रेणुभार साधारण ११ हजार, म्हणजे इन्सुलिनच्या जवळजवळ दुप्पट. जर्बिल नावाचे उंदरासारखे प्राणी, वानरं आणि माणसं, तिन्हींत त्यानं साखर उतरवली, असं त्या निबंधात म्हटलं आहे.

मग जत्रेतला डबेवाला खरं बोलत होता म्हणायचं का? इथं त्या निबंधातलं एक वाक्य महत्त्वाचं आहे, जे डब्यावर छापलेलं नसतं. जयपूरच्या संशोधकांनी ते प्रथिन सुईनं, कातडीखाली टोचून दिलं होतं. तोंडानं नव्हे. म्हणजे ज्या शोधाच्या नावावर सुई बंद करण्याचं आमिष दाखवलं जातं, त्या शोधातही सुई होतीच!

पोटातली भट्टी

तोंडानं का दिलं नाही? कारण आपलं पोट प्रथिनं ओळखतं ती फक्त अन्न म्हणून. जठरातलं आम्ल त्यांची घडी मोडतं आणि पाचक रस माळ तोडून मणी सुटे करतात. डाळीचं प्रथिन असो, दुधाचं असो, की हजारो रुपयांचं इन्सुलिन असो, पोटाला सगळं सारखंच. सुटे झालेले मणी रक्तात जातात खरे, पण तुटलेल्या मंगळसूत्राचे मणी म्हणजे मंगळसूत्र नव्हे. इन्सुलिनची गोळी आजवर बाजारात आली नाही ती याचमुळे. तोंडानं घेतलेलं इन्सुलिन कंपन्यांच्या प्रयोगशाळांनाही अजून जमलेलं नाही, ते जत्रेतल्या डब्यात कुठून येणार?

या भट्टीतून प्रथिन सुखरूप पार करणं किती अवघड आहे, याचा ताजा दाखला सांगतो. सेमाग्लुटाइड नावाचं मधुमेहावरचं औषध आहे. तेही प्रथिनांसारखीच एक छोटी माळ. अमेरिकेत २०१९ साली त्याच्या गोळीला परवानगी मिळाली. त्यासाठी माळेत बदल करावे लागले आणि जठरात तिला सांभाळून आत शोषून घ्यायला मदत करणारं एक खास द्रव्य गोळीत घालावं लागलं. गोळी उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. इतकं सगळं करूनही गोळीतलं जे औषध रक्तापर्यंत पोचतं, ते शंभरात एक भागसुद्धा नसतं. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर ही कथा, तर वाळवून दळलेल्या कारल्याची काय?

शिवाय कारल्यात प्रथिन असतं तरी किती? १०० ग्रॅम कारल्यात सगळ्या प्रकारची मिळून जेमतेम एक-दीड ग्रॅम प्रथिनं. बाकी बहुतेक पाणी. त्यातलं पॉलिपेप्टाइड-पी किती, उन्हात वाळवून चक्कीवर दळल्यावर उरलं किती, हे डब्यावर कोणी लिहीत नाही.

काही प्रथिनांचं काम आतड्यातच असतं

याचा अर्थ वनस्पतींतली प्रथिनं मधुमेहाला निरुपयोगी, असा मात्र नाही. प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायचा : या प्रथिनाचं काम कुठं आहे? रक्तात असेल, तर ते तोंडानं घेऊन सहसा उपयोग नाही. पण काम आतड्यातच असेल, तर रक्तापर्यंत जायची गरजच नाही.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे राजमा, आपला घेवडा. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, तोही याच कुळातला. घेवड्याच्या दाण्यात एक प्रथिन असतं. भात-भाकरीतल्या पिष्टाची साखर करणाऱ्या अमायलेज या पाचक रसाला ते अडवून धरतं. झाडानं ते किड्यांसाठी राखलेलं असतं. दाणा खाणाऱ्या किड्याला पिष्ट पचू नये, हा त्याचा हेतू. १९७५ साली अमेरिकेत ते शुद्ध करून त्याचे गुण तपासले गेले. पिष्ट हळू पचलं तर जेवणानंतरची साखर एकदम उसळणार नाही, ही कल्पना तर्काला धरूनच आहे. अकार्बोज, व्होग्लिबोज या डॉक्टर देतात त्या गोळ्याही साधारण याच वाटेनं जातात, फक्त त्या प्रथिनं नाहीत.

पण तर्क बरोबर असला म्हणजे पूड लागू पडतेच असं नाही. अमेरिकेत १९८०च्या सुमाराला या प्रथिनाच्या गोळ्या ‘स्टार्च ब्लॉकर’ म्हणून धडाक्यात खपल्या. १९८२ साली शास्त्रज्ञांनी माणसांना पिष्टाचं जेवण देऊन मोजमाप केलं, तर पिष्ट अंगी लागण्यात काहीच फरक पडला नव्हता. त्याच वर्षी तिथल्या औषध खात्यानं त्यांच्यावर बडगा उगारला. नंतर जास्त शुद्ध अर्क निघाले आणि काही छोट्या चाचण्यांत थोडा गुणही दिसला, पण औषधाची जागा घेईल असं काही हाती आलेलं नाही.

आणि हे घरी करायला जाऊ नका. चांगला शिजवला की घेवड्यातलं ते अडवणारं प्रथिन निकामी होतं. मग कच्चाच दळून खावा का? त्याच दाण्यात लेक्टिन नावाचं दुसरं प्रथिन असतं आणि ते विषारी असतं. जपानमध्ये मे २००६ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात पांढरा राजमा तीन मिनिटं भाजून, पूड करून भातावर घालायला सांगितलं. वजन उतरेल म्हणून लोकांनी ते केलं आणि शेकडो जणांना उलट्या-जुलाब झाले. काहींना इस्पितळात ठेवावं लागलं. आपली रीतच बरी : रात्रभर भिजवायचा, ते पाणी टाकायचं आणि कुकरला मऊ शिजवायचा.

कुंडीतलं ‘इन्सुलिन’ आणि शेतातली करडई

बेळगावपासून पणजीपर्यंत हल्ली घरोघरी कुंडीत ‘इन्सुलिनचं झाड’ दिसतं. गोल वळत जाणारी पानं, केशरी फुलं. शास्त्रीय नाव कॉस्टस इग्नियस. या पानातून साखर उतरवणारं एक प्रथिन पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळं काढलं आणि २०१३ साली त्याचा निबंध आला. विशेष म्हणजे मधुमेही उंदरांत ते तोंडानं देऊनही चाललं, असं त्यांना आढळलं. सगळीच प्रथिनं पोटात सारख्या वेगानं तुटत नाहीत. काही चिवट असतात, म्हणून मी वर ‘सहसा’ हा शब्द वापरला. यातून पुढे काही निघालं, तर मला आनंदच आहे. पण उंदीर ते माणूस हे अंतर लांबचं असतं. आज त्या पानाच्या भरवशावर सुई सोडावी, एवढा पुरावा नाही.

वनस्पतीतून खरंखुरं, माणसाचंच इन्सुलिन काढण्याचा प्रयत्नही झाला आहे, आणि तोही आपल्या ओळखीच्या पिकात. विजापूर-सोलापूरकडची काटेरी करडई आठवा. कॅनडातल्या कॅलगरीच्या सेमबायोसिस या कंपनीनं माणसाच्या इन्सुलिनचं जनुक करडईत घातलं. बी तयार होताना इन्सुलिन तेलाच्या सूक्ष्म थेंबांना चिकटून राहील, अशी योजना केली. बी भरडून पाण्यात घुसळलं, की सायीसारखे ते थेंब वर येतात आणि इन्सुलिन त्यांच्याबरोबर येतं. २००६ साली त्यांनी हे जमल्याचं जाहीर केलं. कल्पना सुरेख होती, पण ते इन्सुलिन बाजारात आलं नाही. आणि आलं असतं, तरी करडईचं तेल खाऊन काम झालं नसतं. शुद्ध करून बाटलीत भरून ते टोचावंच लागलं असतं.

मग कारलं खाऊ नये का?

खावं की! मीही खातो. चिंच-गूळ घातलेली भाजी, काचऱ्या, भरलेली कारली. मधुमेह असेल तर गूळ बेतानं. भाजी म्हणून कारल्यासारखी भाजी नाही. साखर उतरवण्याचं थोडंफार बळ त्याच्यात असेलही, पण ते किती? थायलंडमधल्या एका चाचणीत, जिचा निबंध २०११ साली आला, कारल्याची पूड रोज दोन ग्रॅम घेणाऱ्या नव्या रुग्णांत साखर थोडी उतरली, पण मेटफॉर्मिनच्या गोळीइतकी नाही. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेनं जगभरातल्या नीट केलेल्या चाचण्या शोधल्या, तर अशा चारच निघाल्या, ४७९ रुग्णांच्या. निष्कर्ष असा, की कारल्याला औषध म्हणावं एवढा पुरावा नाही. आणि या चाचण्या मोठ्या वयात होणाऱ्या टाइप टू मधुमेहाच्या होत्या. भाच्याच्या आजाराशी त्यांचा संबंध नाही.

रसाची गोष्ट वेगळी. भाजी आपण पोटाला झेपेल तेवढीच खातो, रस मात्र पेलाभर घटाघट पितो. मुलांना कारल्याचा काढा पाजल्यावर साखर एकदम घसरून झटके आल्याच्या, बेशुद्धी आल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे एकदा काहीच होत नाही आणि एकदा भलतंच होतं. ज्याचं माप नाही त्याचा हा खरा धोका. गरोदर बायकांनी कारल्याचा रस आणि बियांची पूड टाळावी. कारल्यात दुधी मिसळण्याची फॅशन तर अजिबात नको. कडू दुधी विषारी असतो आणि कारल्याच्या कडूत त्याचा कडूपणा ओळखू येत नाही. दिल्लीत २०१० साली असा रस पिऊन एका मधुमेही गृहस्थांचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं नेमलेल्या समितीनं कडू लागलेला दुधीचा रस फेकून द्यायला सांगितलं. नरकचतुर्दशीला आपण कडू कारीट पायाखाली चिरडतो, पेल्यात पिळत नाही, हे लक्षात असू द्या.

वनस्पतींच्या प्रथिनांचा सर्वांत खात्रीचा उपयोग साधा आहे : ती पोटभर खाणं. मूग, मटकी, हरभरा, तूर यांच्या प्रथिनानं आणि चोथ्यानं जेवण सावकाश पचतं. नुसत्या भातानं साखर जशी उसळते, तशी भाताच्या निम्म्या जागी उसळ घेतल्यावर उसळत नाही. आधी कोशिंबीर-उसळ आणि मग भात-भाकरी, एवढा क्रम बदलला तरी फरक पडतो, असं लहान अभ्यासांत दिसलं आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाला जव खायला सांगितले आहेत, त्यातही हाच शहाणपणा आहे. मेथीदाण्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं काम केलं आहे. मेथीचा गुण बराचसा तिच्या बुळबुळीत चोथ्याचा. हे सगळं औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे. आणि जेवणात मोठा बदल केला, तर डॉक्टरांना सांगून, कारण औषधाचं माप बदलावं लागू शकतं.

आता त्या डब्यांचं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४च्या औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं गुन्हा आहे. कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. डब्यावर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक आहेत का पाहा. नसतील, तर डबा तसाच जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या औषध नियंत्रक कार्यालयात तक्रार करा. कुणी ती पूड घेतली असेल, तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लपवू नका. अशा पुडींत कधी कधी इंग्रजी गोळ्यांची भुकटी मिसळलेली सापडते. ती पोटात असताना सुईही घेतली, तर साखर धोक्याइतकी घसरू शकते.

ताई, आजींना ‘तुम्हाला काही कळत नाही’ असं म्हणू नका. लिओनार्डची गोष्ट सांगा. १९२२च्या आधी अशा मुलांसमोर आई-आजींना नुसतं बसून राहावं लागे. उपासमारीच्या पथ्यावर मुलं हाडांचा सापळा होत आणि काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत जात. आजींना जी सुई क्रूर वाटते, तिच्यासाठी त्या बायकांनी काय दिलं नसतं? सुया आता केसासारख्या बारीक निघाल्या आहेत, पेन आले आहेत. पुढच्या तपासणीला आजींनाही बरोबर न्या आणि डॉक्टरांकडून पेन कसं धरायचं ते त्यांना शिकवून घ्या. उसळ शिजवणं आणि रात्रीची सुई आठवणीनं देणं, ही दोन्ही कामं त्यांच्याकडेच सोपवा.